दोन इलेक्ट्रिक गिटारींची तुलना: कानाला फसू न देता टोन कसा जोखायचा

एक गिटार अ‍ॅम्पला जोडली, चार कॉर्ड वाजवल्या, ती काढून दुसरी जोडली, पुन्हा चार कॉर्ड वाजवल्या आणि ‘हिचा टोन भारी’ असा निकाल दिला. हौशी वादकांची तुलना बहुतेक अशीच होते, आणि त्यात जी गिटार थोडी मोठ्याने वाजते तीच जिंकते. उरलेला फरक पाडतात तारांचं वय, पिकअपची उंची, केबलची लांबी आणि वाजवणाऱ्या हाताची जागा. हे सगळं बाजूला केल्यावर जो फरक शिल्लक राहतो तो खरोखर त्या गिटारींचा. तो बाजूला कसा काढायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. एक मोकळी संध्याकाळ, स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, मिलिमीटरची पट्टी, ट्यूनर आणि तारांचे दोन सारखे सेट एवढी तयारी पुरते. मल्टिमीटर आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर उत्तमच.

आधी प्रश्न नक्की करा

‘माझ्या हातात, माझ्या अ‍ॅम्पवर यांपैकी कोणती शोभते?’ हा एक प्रश्न. ‘फरक लाकडामुळे पडतो, की पिकअपमुळे, की आणखी कशामुळे?’ हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर हवं असेल तर एका वेळी एकच भाग बदलावा लागतो, आणि दोन वेगळ्या गिटारी घेऊन ते जमत नाही. अ‍ॅश विरुद्ध महोगनी या वादात उतरणारे बरेच जण एकीकडे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) आणि दुसरीकडे गिब्सनची लेस पॉल घेऊन बसतात. त्या दोघींत लाकडाखेरीज पिकअप, पिकअपची जागा, स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी), पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा कमी-जास्त करता येणारा रोध) आणि ब्रिज (तारांचा बॉडीवरचा टेका) असं सगळंच वेगळं असतं. अशा जोडीवरून लाकडाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. हौशी वादकाने पहिला प्रश्न धरावा. हा लेखही त्यालाच धरून आहे.

फरक जन्मतो कुठे

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. तिच्या इंडक्टन्सची आणि केबलच्या कपॅसिटन्सची जोडी जमते आणि एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आवाजात उंचवटा तयार होतो. हा उंचवटा कुठे येतो आणि किती टोकदार असतो, त्यावर पिकअपचा बराचसा स्वभाव ठरतो.

आकडे घालून पाहा. स्ट्रॅट पद्धतीच्या सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचा, इंडक्टन्स साधारण २.५ हेन्री धरा. पाच मीटर केबलचा कपॅसिटन्स सुमारे ५०० पिकोफॅरड, कॉइलचा स्वतःचा सुमारे १००. उंचवटा येतो ४ किलोहर्ट्झच्या थोडा वर, म्हणजे काचेसारखा स्वच्छ, खणखणीत भाग. हमबकरचा, म्हणजे गुरगुर मारण्यासाठी दोन गुंडाळ्या जोडलेल्या पिकअपचा, इंडक्टन्स ४.५ हेन्री धरला तर त्याच केबलवर उंचवटा ३ किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो आणि आवाज भरीव, गोल लागतो. आता सिंगल कॉइलच्या गिटारीला पाचऐवजी दहा मीटरची केबल लावा. तिचा उंचवटाही ३ किलोहर्ट्झवर येतो. नुसती केबल बदलल्याने उंचवटा हमबकरच्या जागेवर जाऊन बसला! ती गिटार तेवढ्याने हमबकरसारखी वाजू लागत नाही, कारण आउटपुट आणि चुंबकाची रुंदी तीच राहते. पण दोन गिटारींना दोन वेगळ्या केबली लावून केलेली तुलना का बाद धरायची, ते यावरून कळावं.

टोन नॉब याच जोडीत आणखी एक कपॅसिटर आणतो. नॉब १० वरून ७ पर्यंत आणला की आधी उंचवट्याचं टोक बोथट होतं. अगदी शून्यावर नेलं की ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरता लागू होतो आणि उंचवटा ५०० हर्ट्झच्या आसपास जाऊन बसतो. लोकरीत गुंडाळल्यासारखा तो दबका, ‘ऊ’ म्हणणारा आवाज येतो तो यामुळे.

पोटेन्शिओमीटरचंही तसंच. सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहमचे आणि हमबकरला ५०० किलोओहमचे लावतात. आकडा जितका मोठा तितका उंचवटा टोकदार. या भागांत २० टक्के इकडेतिकडे चालतं असं गृहीतच असतं, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही एक जरा अंधारी वाटू शकते. तेवढ्यावरून ‘लाकडाचा तुकडा चांगला लागला’ म्हणून गाठ बांधू नका.

पिकअपची जागा हा दुसरा मोठा घटक. स्ट्रॅटचा नेक पिकअप नटापासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) पाहिलं तर स्केलच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास, चोविसाव्या फ्रेटच्या जागी येतो. मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकचा (मूळ स्वराच्या चौपट फ्रिक्वेन्सीच्या उपस्वराचा) स्थिर बिंदू नेमका तिथेच. तिथला पिकअप तो हार्मोनिक जवळजवळ ऐकतच नाही, म्हणून मोकळ्या तारांवर तो गोड, पोकळ रंग येतो. ब्रिजजवळच्या पिकअपला वरचे हार्मोनिक भरपूर मिळतात आणि खालचे कमी, त्यामुळे तिथला आवाज चिरका आणि धारदार. याच कारणाने हमबकरची एक कॉइल बंद करून स्ट्रॅटचा आवाज मिळत नाही. कॉइल वेगळी, जागा वेगळी. येतो तो फक्त पातळ झालेला हमबकर.

तिसरी गोष्ट स्केलची लांबी. फेंडरच्या गिटारींत ती ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्यांत सुमारे ६२८. तीच तार, तोच स्वर, तरी लांब स्केलवर ताण सुमारे ६ टक्के जास्त असतो. बोटांना तो बेंड करताना कळतो. कानाला खर्जातल्या तारा जरा कसलेल्या, टणत्कार करणाऱ्या लागतात.

लाकडाबद्दल आमचं मत सरळ आहे. ठोकळ्याच्या बॉडीच्या गिटारीत अ‍ॅम्पमधून येणाऱ्या टोनच्या यादीत लाकूड शेवटी येतं. वजन, तोल आणि छातीला जाणवणारी थरथर यांसाठी ते जरूर पाहा.

घराण्यांची थोडक्यात ओळख

फेंडरच्या टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप पोलादी पट्टीत बसवलेला असतो. त्या पट्टीमुळे त्याला मधली धार आणि जोर मिळतो, आणि त्याच घराण्याचा धातूच्या टोपीतला नेक पिकअप त्यामानाने मऊ. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरची खरी ओळख तिच्या दोन पिकअपांच्या जोड्यांत आहे. दोन जागांवरचे सिग्नल मिळताना काही भाग एकमेकांना खातात आणि तो नाकातला, ‘क्वॅक’ करणारा आवाज निघतो. सुरुवातीच्या स्ट्रॅटना तीन जागांचाच स्विच होता. वादक तो मधेच अडकवून हा आवाज काढत, आणि पाच जागांचा स्विच कारखान्यातून यायला १९७७ साल उजाडलं. लेस पॉल १९५२ ची, पण तिचा आज ओळखीचा असलेला जाड आवाज १९५७ पासून, हमबकर बसल्यावरचा. त्याआधी तिच्यावर पी-९० असत. सिंगल कॉइलच, पण रुंद आणि मधल्या भागात गुरगुरणारी. खरखर मात्र पुरेपूर. गिब्सनची ईएस-३३५ पोकळ दिसत असली तरी तिच्या मधोमध लाकडाचा ठोकळा असतो, म्हणून पूर्ण पोकळ गिटारीइतकी ती शिट्टी मारत नाही.

पायरी पहिली: तारा आणि सेटअप सारखे करा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया.

दोन्ही गिटारींना एकाच कंपनीचा, एकाच जाडीचा सेट एकाच दिवशी चढवा. ९-४२ किंवा १०-४६, जो हाताला सवयीचा असेल तो. जुन्या तारांचे वरचे हार्मोनिक मेलेले असतात. महिनाभर वाजलेल्या तारांची गिटार ताज्या तारांच्या गिटारीपुढे नेहमीच मंद वाटणार. तारा लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकेच वर ओढा, ट्यून करा, असं तीन-चारदा करा, म्हणजे ती वाजवताना उतरणार नाही. जाडी बदलली असेल तर मान हलते, हे लक्षात असू द्या. १०-४६ काढून ९-४२ लावली की ताण घटतो, मान सरळ होते आणि तारा फ्रेटांवर खरखरू लागतात.

मानेचा बाक असा पाहा: जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला जुळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा ट्यूनिंग, पुन्हा मोजणी. एका दमात अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि रॉडचा नट घट्ट लागला तर जोर न लावता थांबा.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर, तार मोकळी ठेवून मोजा. जाड ई १.६ ते २ मिलिमीटर, बारीक ई १.३ ते १.६. दोन्ही गिटारींवर आकडा एकच ठेवा. जिच्या तारा खाली आहेत ती फ्रेटांवर किंचित आपटते, आस लवकर तुटते आणि ‘ही गिटार टिकत नाही’ असा खोटा शिक्का बसतो.

मग पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या तळापासून पोलच्या (पिकअपमधल्या तारेखालच्या धातूच्या खुंटीच्या) माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. सिंगल कॉइलसाठी जाड ईखाली २ मिलिमीटर आणि बारीक ईखाली १.६ मिलिमीटर इथून सुरुवात करा. हमबकर ब्रिजला १.६ आणि नेकला २.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, कारण नेकपाशी तार जास्त डोलते आणि तोच पिकअप जोरात वाजतो. ‘जितका जवळ तितका दमदार’ समजून पिकअप वर चढवत जाणं ही नेहमीची चूक. सिंगल कॉइलमधले दांड्यांचे चुंबक जाड तारेला खाली खेचतात. नेक पिकअपवर जाड ईच्या बाराव्या फ्रेटच्या पुढचे स्वर वाजवा. स्वर दुहेरी, लहरत, कोरस लावल्यासारखा येत असेल तर पिकअप फार वर आहे. तसंच ठेवून इंटोनेशन (मानेवर सगळीकडे स्वर सुरात येणं) जुळवायला गेलात तर ते जन्मात जुळणार नाही. दोन्ही स्क्रू अर्धा फेरा खाली घ्या आणि पुन्हा ऐका. हमबकरचा चुंबक खाली दडलेला असल्याने त्याची खेच कमी.

इंटोनेशन शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा त्या तारेचा टेका) मागे, नटापासून दूर न्या. उतरा असेल तर पुढे आणा. दोन-तीन सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आत आलं की पुरे. बेसूर कॉर्ड कानाला ‘वाईट टोन’ म्हणूनच लागते.

पायरी दुसरी: मल्टिमीटरने नाडी पाहा

गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन दहावर, आणि केबलच्या मोकळ्या टोकाच्या अणी आणि बाहीमधला रोध मोजा. प्रत्येक पिकअप वेगळा निवडून आकडे लिहून ठेवा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला ५.५ ते ६.५ किलोओहम, जुन्या पद्धतीच्या हमबकरला ७.५ ते ९, आणि जोरकस हमबकरला १३ ते १६ असे आकडे दिसतात. जॅकवर मोजताना व्हॉल्यूमचा पोटेन्शिओमीटरही समांतर जोडलेला असतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो. नुसत्या रोधावरून टोन कळत नाही, कारण बारीक तार वापरली की रोध वाढतोच. बिघाड मात्र कळतो. आकडा शेकडो किलोओहम आला तर कॉइल तुटलेली, अपेक्षेच्या निम्मा आला तर हमबकरची एकच कॉइल चालू. असल्या आजारी गिटारीची तुलना करण्यात अर्थ नाही.

दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज एकदम पातळ, पोकळ आणि लहान झाला तर त्यांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालतो. एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करून ती सुलटी होते. टेलिकास्टरच्या नेक पिकअपबाबत मात्र सांभाळा. त्याची धातूची टोपी आतल्या आत ग्राउंडच्या तारेला जोडलेली असते. आधी ती वेगळी काढून थेट ग्राउंडला जोडली नाही, तर अदलाबदलीनंतर टोपीला बोट लागताच गुरगुर सुरू होईल.

अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे पिकअप असतील तर बॅटरी नवी घाला. बॅटरी उतरली की आवाज दबतो आणि कॉर्डची कडा फाटते. जॅकमध्ये केबल असेपर्यंत ती खर्च होत राहते, म्हणून गिटार खाली ठेवताना केबल काढायची सवय लावून घ्या.

पायरी तिसरी: वाट एकच ठेवा

एकच केबल, एकच अ‍ॅम्प, अ‍ॅम्पची एकच जागा, आणि तुमची बसायचीही जागा एकच. बारा इंची स्पीकरचे वरचे स्वर समोरच्या बाजूलाच झोताने जातात. स्पीकर घोट्याच्या उंचीवर आणि कान दीड मीटर वर असेल तर जी गिटार बसून ऐकली ती धारदार आणि जी उभं राहून ऐकली ती मऊ वाटेल. अ‍ॅम्प मागे झुकवा किंवा खुर्चीवर ठेवा, आणि खुर्चीचे पाय जिथे टेकतात तिथे जमिनीवर टेपच्या खुणा करा.

पेडल सगळे काढा. ठेवायचेच असतील तर पहिला पेडल बफर (पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळं ठेवणारं सर्किट) असलेला आहे की नाही ते पाहा, कारण बफरनंतरच्या केबलचा पिकअपवर परिणाम होत नाही. इंटरफेस वापरत असाल तर गिटारसाठीचा, सुमारे १ मेगाओहमचा इनपुट निवडा. लाइन इनपुट १० किलोओहमच्या आसपास असतो. त्यात पॅसिव्ह (बॅटरी नसलेली) गिटार घातली की वरचा भाग गिळला जातो आणि सिंगल कॉइल, हमबकर सगळे एकसारखे मुके होतात.

अ‍ॅम्पचे टोन नॉब मधोमध ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला असं समजू नका. फेंडर पद्धतीच्या पुष्कळ अ‍ॅम्पांत सगळं पाचवर असतानाही मधला भाग खाली गेलेला असतो. तरीही चालेल. वाट सपाट नसली तरी ती दोघींना सारखी हवी. नॉबची जागा फोनने टिपून ठेवा.

पायरी चौथी: आवाज जुळवा

मोठा आवाज कानाला भरीव आणि उजळ लागतो, कारण हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून जुळवाजुळव एका डेसिबलच्या आत हवी.

फोनचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप सुरू करून फोन कानाच्या उंचीवर स्टँडला लावा. मोकळी ई मेजर कॉर्ड एका लयीत आठ वेळा वाजवा आणि सरासरी लिहा. दुसऱ्या गिटारीवर तेच करा. जो फरक येईल तो अ‍ॅम्पच्या मास्टरने (शेवटच्या आवाजाच्या नॉबने) भरून काढा. गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने कमी करायला जाऊ नका, तो खाली आणताना वरचे स्वरही घेऊन जातो. नॉबच्या टोकांवर छोटा कपॅसिटर असलेल्या गिटारीत हे कमी होतं, पण मग दोन गिटारींचे नॉब वेगळं वागणार.

स्वच्छ आवाजापुरतं एवढं पुरतं. फाटलेल्या आवाजात मात्र पेच आहे. हमबकर अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्याला जास्त ढकलतो, म्हणजे त्याच्या वाट्याला विकृतीही जास्त येते. ती मास्टरने कमी होत नाही. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत गेन (पहिल्या टप्प्याचा जोर ठरवणारा नॉब) तसाच ठेवून गिटार जशी आहे तशी ऐका. तुम्ही गिटार बदलाल तेव्हा प्रत्यक्षात हेच होणार असतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक गिटारीसाठी गेन असा लावा की सारख्याच जोराच्या फटकाऱ्याला आवाज फाटायला लागेल. एकीला ४, दुसरीला ५.५ असं काही येईल. पुष्कळदा पहिल्या फेरीत हरलेली सिंगल कॉइल दुसऱ्या फेरीत बाजी मारते.

पायरी पाचवी: वाजवायचं काय

आवडीचं सोलो वाजवू नका. बोटं सवयीने गिटारीचे दोष झाकून घेतात. त्यापेक्षा दोन मिनिटांत बसेल असा ठरावीक परीक्षेचा पेपर काढा. मोकळी ई मेजर कॉर्ड वाजवून पूर्ण विझू द्या. जाड ईवर तळहात टेकवून आठ बार दाबून वाजवा. तिसऱ्या तारेवर चौदाव्या फ्रेटला पूर्ण बेंड, आणि तो धरून ठेवा. दुसऱ्या तारेच्या आठव्या आणि तेराव्या फ्रेटवर एकेरी लांब स्वर घ्या. वरच्या तीन तारांवर तीन स्वरांच्या कॉर्ड वाजवा. शेवटी ती पहिली कॉर्ड पुन्हा, गिटारचा व्हॉल्यूम ५ वर ठेवून. हा शेवटचा भाग सगळेच टाळतात, आणि गिटारीचा स्वभाव तिथेच उघडा पडतो: एखादी व्हॉल्यूम कमी करताच सुंदर स्वच्छ होते, एखादी चिखलात जाते.

लय मेट्रोनोमवर ८०. प्लेक्ट्रम तोच, समजा ०.८८ मिलिमीटरचा, आणि फटकारा ब्रिजच्या सॅडलपासून १० सेंटिमीटरवर. दोन्ही गिटारींवर तेवढ्या अंतरावर कागदी टेपचा तुकडा लावा. हे वेडेपणाचं वाटेल, पण हात तीन सेंटिमीटर ब्रिजकडे सरकला की एक पिकअप बदलल्याइतका उजेड वाढतो. शिवाय स्ट्रॅटचा व्हॉल्यूम नॉब करंगळीखालीच असतो आणि लेस पॉलचा दूर, त्यामुळे दोन गिटारींवर तळहात आपसूकच वेगळ्या जागी टेकतो.

पायरी सहावी: रेकॉर्ड करा आणि नाव न पाहता ऐका

बारीक फरक कानाच्या आठवणीत काही सेकंदच टिकतो. गिटार खाली ठेवून दुसरी गळ्यात अडकवेपर्यंत तो गेलेला असतो. त्यामुळे रेकॉर्डिंगला पर्याय नाही.

इंटरफेस असेल तर दोन्ही गिटारींचा कोरडा (अजून कशातूनही न गेलेला) सिग्नल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या. जी जोरकस आहे तिच्यावर पातळी अशी लावा की शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, आणि मग इनपुटचा नॉब दुसऱ्या गिटारीसाठी हलवू नका. पुढे दोन्ही ट्रॅक सॉफ्टवेअरमधल्या एकाच अ‍ॅम्पमधून काढा. गेन नंतर हवा तसा बदलता येतो आणि हा ट्रॅक की तो, हे पापणी लवायच्या आत बदलून ऐकता येतं. माइकने घेत असाल तर माइक आणि स्टँड यांच्या जागा टेपने पक्क्या करा. शंकूच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर सरकलेला माइक दोन गिटारींतल्या फरकाएवढा फरक एकटाच पाडतो. फोनचा रेकॉर्डर आवाज आपोआप वरखाली करतो आणि खरखर गाळतो, म्हणून तुलनेला तो नको.

ट्रॅकची पातळी शिखरावरून जुळवू नका. सिंगल कॉइलचा फटकारा टोकदार आणि मागचा आवाज लहान असतो. शिखरं जुळवली की ती हळू वाजते. सरासरी जाणवणारा आवाज मोजणारं मीटर वापरा आणि अर्ध्या डेसिबलच्या आत आणा.

प्रत्येक गिटार दोनदा रेकॉर्ड करा. आधी एकाच गिटारीचे दोन्ही टेक एकमेकांशी ताडून पाहा. त्यांतही तुम्हाला ‘हा जरा उबदार’ असं काही ऐकू आलं, तर तो तुमच्या हाताचा फरक. दोन गिटारींतला फरक त्याहून ठळकपणे मोठा असेल तरच त्याला फरक म्हणायचं. तुलनेच्या निम्म्या गप्पा या एका चाचणीने गळून पडतात.

मग कुणाला तरी दहा वेळा नाणं उडवून ट्रॅक लावायला सांगा आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून कोणती गिटार ते ओळखा. दहापैकी सात बरोबर येणं नशिबानेही सहज घडतं. नऊ किंवा दहा आले तर खरंच ओळखलंत. नुसत्या नशिबाने तसं शंभरात एखाद्याच वेळी होतं. अर्ध्या तासाने थांबा. थकलेल्या कानाला सगळंच कर्कश लागतं.

ऐकलेलं लिहायचं कसं

‘छान’, ‘भारी’, ‘उबदार’ हे शब्द वहीत नकोत. त्यांऐवजी दुरुस्ती सुचवणारे शब्द वापरा. गढूळ म्हणजे १५० ते ३०० हर्ट्झचा भाग जास्त. नाकातला म्हणजे ८०० ते १००० हर्ट्झ पुढे आलेलं. चिरका म्हणजे २.५ ते ४ किलोहर्ट्झ टोचतंय. दबका म्हणजे तोच भाग गायब. घोगरा म्हटलंत तर आधी तारा फ्रेटांवर आपटतात का ते तपासा. प्रत्येक शब्दापुढे पिकअपची जागा आणि व्हॉल्यूम लिहा.

निकालानंतर, खिशात हात घालण्याआधी

नेक पिकअप गढूळ असेल तर जाड ईची बाजू अर्धा-एक फेरा खाली घ्या. ब्रिज पिकअप चिरका असेल तर टोन आठवर आणून पाहा. तेच आवडलं तर ५०० च्या जागी २५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर बसवून तो आवाज कायमचा करता येतो. दबकी गिटार आधी तीन मीटरच्या केबलवर ऐका, मग पिकअप बदलायचा विचार करा. एका पिकअपवरून दुसऱ्यावर जाताना आवाज उडी मारत असेल तर जोरकस पिकअप खाली घ्या. हळू पिकअप वर घ्यायचा मोह आवरा. प्रत्येक बदलानंतर तोच दोन मिनिटांचा पेपर पुन्हा रेकॉर्ड करा, नाहीतर स्क्रू फिरवल्याच्या समाधानालाच सुधारणा समजाल.

काही गोष्टी स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाहीत: स्केलची लांबी, मानेची जाडी, पिकअपची जागा, बॉडीचं वजन. सिंगल कॉइलची गुरगुरही त्यातलीच. अ‍ॅम्पकडे तोंड करून बसा आणि अंगासकट गिटार हळूहळू फिरवा. एका कोनात गुरगुर जवळजवळ नाहीशी होते. तुमच्या रोजच्या बसायच्या जागी तो कोन मिळतो का ते पाहा. मिळत नसेल आणि तुम्ही बहुतेक फाटलेल्या आवाजात वाजवत असाल, तर त्या खोलीत हमबकरची गिटार ठेवा, मग दुसरीचा स्वच्छ टोन कितीही आवडलेला असो.